टीडीएस ८० म्हणजे कॅनचं पाणी चांगलं का?

तुम्ही विचारलंय की गावात येणाऱ्या थंड पाण्याच्या कॅनचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मीटरवर ८० येतो, तर घरातल्या लहान लेकराला ते पाणी द्यावं का. नुसत्या त्या आकड्यावर विसंबून देऊ नका.

मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातली, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या खारपाण पट्ट्यातली. आमच्याकडे बोअरच्या पाण्याचा घोट तोंडात धरवत नाही, म्हणून आरओची, म्हणजे यंत्रानं क्षार काढलेल्या पाण्याची कॅन घरोघरी आली. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवलं, त्यात मी होते. मीटर सांगतं ते विरघळलेल्या क्षारांचं. जंतूंचं त्याला काही कळत नाही. पावसाचं डबकं मोजलं तरी आकडा कमीच येईल.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या लग्नानंतर तीन लेकरं जुलाबानं आजारी पडली. मी आरओ प्लांटच्या नळाचं पाणी जंतू तपासायच्या एका एचटूएसच्या बाटलीत भरलं आणि तिथूनच आलेल्या कॅनचं दुसरीत. दुसऱ्या दिवशी नळाची बाटली होती तशीच, कॅनची मात्र काळी कुट्ट. म्हणजे त्यात शौचातले जंतू असण्याची दाट शक्यता. रिकाम्या कॅनमध्ये हात घालून आतून बोटं फिरवली, तर तोटीच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर. लेकरं त्याच पाण्यानं आजारी पडली असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण तो हात मला आजही आठवतो.

असं का होतं, तर आरओ क्षार काढतं, पण त्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. ग्रामपंचायतीच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन राहिलं पाहिजे, ते वाटेत शिरलेले जंतू मारतं. कॅनच्या पाण्याला तो पहारा नाही. कॅन नीट धुतली नाही, कुणी पेला बुडवला, की झालं.

तेव्हा ग्रामपंचायतीत किंवा आशाताईंकडे एचटूएसची बाटली विचारा. खुणेपर्यंत पाणी भरायचं, आत बोट लागू द्यायचं नाही, झाकण लावून सावलीत ठेवायची. २४ ते ४८ तासांत काळी पडली तर ते पाणी बंद. काळी बाटली उघड्यावर फेकू नका, ब्लीचिंगचं पाणी ओतून खड्ड्यात पुरा. तोवर लेकराला खळखळ उकळून गार केलेलंच द्या.

पक्की खात्री हवी तर जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत नमुना द्या. जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली आधी तिथूनच आणा आणि भरल्यावर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. सोबत फ्लोराइड आणि नायट्रेटही तपासून घ्या. यवतमाळ, चंद्रपूरकडचे असाल तर फ्लोराइड नक्कीच. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असलं तर लेकरांचे दात डागाळतात, पुढे हाडं धरतात.

सीलबंद जार घेत असाल तर त्यावर आयएस १४५४३ हा बाटलीबंद पाण्याच्या मानकाचा क्रमांक आणि सीएमएल, म्हणजे परवान्याचा नंबर शोधा, बीआयएस केअर ॲपवर टाकला की नंबर खरा की खोटा ते लगेच दिसतं. थंड पाण्याच्या सुट्या कॅनवर असं काही छापलेलं नसतं, म्हणून दर पंधरवड्याला रिकाम्या कॅनची तोटी खोलून आत हात फिरवा. बुळबुळीत लागलं तर त्याच क्षणी परत पाठवा.