‘मी तिथं होतो, आणि पुरावा मलाच मागतात?’

‘एक पैसा न घेता लिहितोय, तरी कुणीतरी अनोळखी माणूस येऊन माझं लिहिलेलं उडवतो. आणि मला त्याचा इतका त्रास का होतो?’ निवृत्तीनंतर विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशांवर लिहू लागलेली मंडळी हल्ली अधूनमधून हे गाऱ्हाणं घेऊन येतात. त्यातल्या एका काकांची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीनं आणि ओळखीच्या खुणा बदलून.

काका पाटबंधारे खात्यातले. शाखा अभियंता म्हणून उमेदीची वर्षं एका धरणाच्या कामावर गेलेली. त्याच धरणावरचा लेख त्यांना ज्ञानकोशात सापडला. उंचीचा आकडा चुकलाय असं वाटलं, म्हणून दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी पाहतात तर जुना आकडा परत जागेवर. पुन्हा बदलला, समोरच्यानं पुन्हा उलटवला. मग ते सुरूच झालं.

काकू सोबत आल्या होत्या. खरं तर तक्रार त्यांचीच. “मॅडम, रात्री उठून बघतात, त्यानं काय केलंय ते. बीपीची गोळी विसरतात, हे नाही विसरत.”

काकांनी मोबाइल पुढं केला. बदलाचं कारण लिहायच्या रकान्यात समोरच्याचे दोनच शब्द होते : ‘संदर्भ हवा’. “याला माज नाही तर काय म्हणायचं?”

मी ते दोन शब्द मोठ्यानं वाचायला सांगितले. काकांनी ते आवाज चढवून, एकेक अक्षर चावून वाचले. कुणाचा आवाज हा, असं विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमचे एक कार्यकारी अभियंता होते.” आता हेच बँकेतली मुलगी ‘काका, इथं सही राहिली’ म्हणते तशा सुरात वाचा, म्हटलं. काकू हसल्या. काका नाही हसले, पण वाचलं.

लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो. तो आपण आपल्या पदरचा घालतो, आणि बहुतेकदा जुन्या दुखण्यातला घालतो. शिवाय लेखांवर लक्ष ठेवणारे हे स्वयंसेवक ताज्या बदलांची लांबलचक यादी खाली सरकवत असतात. त्यात शिवीगाळ असते, जाहिराती असतात, कुणी गंमत म्हणून टाकलेला कचराही असतो. त्या रांगेत काकांचा आकडा आला. उलटवणाऱ्यासाठी तो अनेकांतला एक, काकांसाठी मात्र सगळी नोकरी त्यात.

नोकरीचं बोलणं निघालं आणि गाठ तिथंच होती. बांधकामावर ‘एमबी’ म्हणजे मोजमाप पुस्तक असतं. त्यात खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही. “तिथं माझ्या आकड्याला कुणी हात लावायचा तर सही करून लावायचा. इथं कोण कुठला, नाव नाही, गाव नाही!”

मी लेखाचं ‘इतिहास’ पान उघडायला सांगितलं. प्रत्येक बदल, तारीख, वेळ, कुणी केला, आधी काय होतं. काका बराच वेळ बोट फिरवत राहिले. “म्हणजे माझं गेलेलं नाही. रेघ मारलीय फक्त,” असं स्वतःशीच म्हणाले. हे मला सुचलं नसतं. एमबी मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

पण ‘मी तिथं उभा होतो’ याला किंमत का नाही, हा सल राहिलाच. नियम तसा साधा आहे : छापून आलेलं, पडताळून पाहता येईल असंच घ्यायचं. काकांवर अविश्वास म्हणून नव्हे. उद्या दुसरा एखादा निवृत्त अभियंता येईल, वेगळा आकडा सांगेल आणि ‘मीही तिथंच होतो’ म्हणेल. मग कुणाचं धरायचं?

अशी भांडणं जुनी आहेत. इंग्रजी विकिपीडियावर दह्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एच’ घालायचा की नाही, हा वाद वर्षानुवर्षं चालून २०११ मध्ये मिटला. दह्याच्या! तिथं एका पानावर 24 तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी करू नये असा नियमच आहे, मग तुमचं म्हणणं बरोबर का असेना. मला हा नियम फार आवडतो. घरोघरी लागू करावा असं वाटतं.

काकांना म्हटलं, आता लेखाला हात लावायचा नाही. लेखाला जोडलेलं चर्चा पान असतं, तिथं लिहायचं, तेही सकाळी, चहानंतर. पहिला मसुदा त्यांनी माझ्यासमोर केला : ‘धरण कशाशी खातात हे तरी आपणांस ठाऊक आहे काय?’ तो वहीत राहू दिला. दुसरा असा : ‘लेखातली उंची सर्वांत खोल पायापासूनची दिसते. मी दिली ती नदीपात्रापासूनची आहे. दोन्ही देऊ या का?’

लिहिता लिहिताच काकांच्या लक्षात आलं, की दोन्ही आकडे बरोबर आहेत. मोठ्या धरणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत उंची पायापासून धरतात. काठावर उभं राहणाऱ्याला ती पात्रापासून दिसते. समोरून उत्तर आलं : ‘चालेल. संदर्भ द्या.’ “नमस्कार नाही, चमत्कार नाही,” काका कुरकुरले. पण खात्याचं जुनं प्रकाशन शोधून संदर्भ दिला आणि तो टिकला.

एक मात्र वेगळं ठेवायला हवं. तुटक बोलणं सोसता येतं. धमकी, जातीवरून शेरे, तुमचा पत्ता किंवा फोन नंबर उघड करणं सोसायचं नसतं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनची २०२१ मध्ये जाहीर झालेली वैश्विक आचारसंहिता हे सगळं निषिद्ध मानते. तिथं समजूतदारपणा दाखवत बसू नका. पडद्याची छायाचित्रं घ्या, प्रचालकांना, म्हणजे तिथली व्यवस्था पाहणाऱ्यांना, कळवा आणि घरी सांगा. असल्या जाचानं कुणी लिहिणं सोडलं, तर मी त्याला थांब म्हणणार नाही.

काकांनी लिहिलेला दुसरा एक परिच्छेद मात्र अजून लेखाबाहेरच आहे. धरणावर राबलेल्या मजुरांच्या वस्तीबद्दलचा. त्याला कुठंच छापील आधार नाही. तो त्यांनी आता मोठा करून जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकाला पाठवलाय. छापून आला तर संदर्भ म्हणून देता येईल का, असं परवा फोनवर विचारत होते. म्हटलं, स्वतःचाच लेख स्वतः देऊ नका. चर्चा पानावर ठेवा आणि त्यालाच विचारा.

“त्यालाच?” काका म्हणाले. “बरं. सकाळी विचारतो.”