अमेरिकेत राहायला चांगली, पण फारशी चर्चेत नसलेली शहरं कोणती?

तुम्ही न्यू जर्सी, बे एरिया आणि डॅलस सोडून नावं मागितली आहेत. माझं उत्तर आहे पेनसिल्व्हेनियातलं पिट्सबर्ग. मी इथेच राहते. पण हे शहर मला का आवडतं त्याचं कारण आणखी चार-पाच शहरांना लागू पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९५० साली पिट्सबर्गची लोकसंख्या जवळजवळ ६ लाख ७७ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती ३ लाख ३ हजारांवर आली. मधल्या काळात, मुख्यतः १९८० च्या दशकात, पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि तरुण माणसं पोटापाण्यासाठी बाहेर गेली. पोलादाच्या पैशातून उभं राहिलेलं शहर मात्र जागच्या जागी होतं. ग्रंथालयं, संग्रहालयं, बागा, विद्यापीठं, रुग्णालयं, तीन नद्यांवरचे पूल, सगळं तसंच. पावणेसात लाखांच्या हिशेबाने बांधलेल्या या गोष्टी आता तीन लाखांच्या वाट्याला येतात, आणि घरांच्या किमती मात्र लहान शहराच्या आहेत.

हे प्रत्यक्ष बघायचं तर पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात अर्धा दिवस काढा. पोलादाचा कारखानदार अँड्र्यू कार्नेगी याने १८९५ मध्ये शहराला दिलेलं ग्रंथालय, त्याच इमारतीत कलेचं आणि निसर्गविज्ञानाचं संग्रहालय, डायनासोरचे सांगाडे. चालत थोडं पुढे गेलं की १८९३ सालचं फिप्सचं काचघर, बाहेर बर्फ असताना आत ऑर्किड फुललेली. जवळच पिट्सबर्ग विद्यापीठाची ४२ मजली दगडी इमारत. इथे येऊन वसलेल्या निरनिराळ्या समाजांनी आपापल्या परंपरेप्रमाणे सजवलेले वर्ग तिच्यात आहेत. भारतीयांनी केलेला वर्ग नालंदा महाविहाराच्या अंगणासारखा विटांचा आहे, आणि तिथे रोज खरोखरच तास होतात. जोनास साल्क यांनी पोलिओची लस याच विद्यापीठात तयार केली. मुलांना घेऊन इथून फिरताना मला फार बरं वाटतं, आणि त्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही.

हा डोलारा चालतो कसा, तेही सांगण्यासारखं आहे. पिट्सबर्ग ज्या जिल्ह्यात येतं त्या अ‍ॅलेघेनी काउंटीत विक्रीकर ७ टक्के आहे: ६ राज्याचा, १ स्थानिक. त्या एका टक्क्यातला निम्मा भाग ग्रंथालयं, उद्यानं, संग्रहालयं यांच्यासाठी बाजूला काढतात. १९९० च्या दशकात ही व्यवस्था झाली. बहुतेक किराणा आणि कपड्यांवर विक्रीकर नाहीच, त्यामुळे घरखर्चाला त्याची झळ कमी लागते.

नोकऱ्या मुख्यतः रुग्णालयं, विद्यापीठं, बँका आणि संगणकक्षेत्रातल्या. इथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाची रोबोटिक्स संस्था १९७९ पासून आहे आणि तिच्याभोवती बऱ्याच कंपन्या वाढल्या. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो अ‍ॅपचं मुख्यालय इथलंच. गूगलचं कार्यालय नाबिस्कोच्या जुन्या बिस्किट कारखान्यात आहे.

आता घर. सिलिकॉन व्हॅलीत साध्या घरालाही दहा लाख डॉलर पुरत नाहीत. इथे डॉर्मोंट, बीचव्ह्यू अशा ट्रामच्या मार्गावरच्या वस्त्यांमध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्शातही घर मिळू शकतं. पण ते घर बहुधा शंभरीच्या आसपासचं असेल आणि उतारावर असेल. घेण्याआधी विजेची जुनी वायरिंग, तळघरातली ओल, मागची संरक्षक भिंत हे सगळं माणूस लावून तपासा, सांडपाण्याच्या नळात कॅमेरा घालून बघायला सांगा. दरड कोसळून झालेलं नुकसान घराच्या नेहमीच्या विम्यात धरत नाहीत. अनेक वस्त्यांखाली कोळशाच्या जुन्या खाणी आहेत, त्या खचण्याविरुद्ध राज्य सरकारचा वेगळा विमा मिळतो, तो जरूर घ्या. शहराच्या हद्दीत राहिलात तर कमाईवर ३ टक्के स्थानिक कर आहे, बहुतेक उपनगरांत १ टक्का. राज्याचा सरसकट ३.०७ टक्के कर त्याशिवाय.

हवेबद्दल मी स्पष्टच सांगेन. मोनोंगहेला नदीच्या खोऱ्यात कोळशापासून कोक (पोलादाच्या भट्टीतलं इंधन) बनवणारा मोठा कारखाना अजून चालू आहे. वारा पडलेला असला की सकाळी सडक्या अंड्यांसारखा वास येतो. कुठे वास आला ते नागरिकांनी नोंदवावं म्हणून कार्नेगी मेलनमध्ये एक अ‍ॅपसुद्धा तयार झालं. घरात कुणाला दमा असेल तर आधी त्या नोंदींचा नकाशा बघा, मग वस्ती ठरवा.

आपली माणसं आहेत का? भरपूर आहेत. पेन हिल्समधलं वेंकटेश्वराचं मंदिर १९७० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक. शेजारच्या मनरोव्हिलमध्ये हिंदू-जैन मंदिर आहे. भारतीय किराणा मिळतो. न्यू जर्सीतल्या एडिसनसारखी दर कोपऱ्यावर मिठाईची दुकानं मात्र मिळणार नाहीत, आणि भारतात जाताना विमान बदलावंच लागतं. आई-वडील एकटे येणार असतील तर याचा विचार करा.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा व्हिसाचा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात. बे एरियात तेवढ्यात दहा ठिकाणी मुलाखती होतील. इथे तुमच्या क्षेत्रातल्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असू शकतात. दोघांपैकी एकाचं तरी ग्रीन कार्ड झालं असेल, किंवा काम वैद्यकीय क्षेत्रातलं वा विद्यापीठातलं असेल, तर मी निःशंकपणे ‘या’ म्हणेन. तसं नसेल तर सहा महिन्यांचा खर्च गाठीला ठेवूनच या.

मोठ्या वस्तीसाठी बांधलेलं शहर आता थोड्यांच्या वाट्याला येतं, या सुरुवातीला सांगितलेल्या कारणासाठी बघावीत अशी इतर शहरं: क्लीव्हलंड, जिथे १९५० मध्ये ९ लाखांवर लोक होते आणि आता पावणेचार लाखही नाहीत. तिथलं कलासंग्रहालय फुकट आहे, ऑर्केस्ट्रा जगातल्या उत्तमांपैकी आहे आणि हृदयरोगाच्या उपचारासाठी लोक लांबून येतात. सेंट लुइसच्या फॉरेस्ट पार्कमधलं प्राणिसंग्रहालय आणि कलासंग्रहालय दोन्ही विनामूल्य, पण तिथे वस्ती फार काळजीपूर्वक निवडावी लागते. न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमनने १९२१ मध्ये संगीताचं विद्यालय काढून दिलं. मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवायचं असेल तर त्या शहराचा जरूर विचार करा. बफेलोही सुंदर आहे, फक्त बर्फाची तयारी हवी.

शेवटी एक विनंती. पिट्सबर्ग बघायला ऑक्टोबरमध्ये येऊ नका, तेव्हा सगळ्या टेकड्या लाल-पिवळ्या असतात आणि कुणालाही इथे राहावंसं वाटतं. फेब्रुवारीत या. तेव्हा सलग कित्येक दिवस ऊन दिसत नाही आणि रस्त्यांच्या कडेला काळं पडलेलं बर्फ असतं. तेव्हाही शनिवारी दुपारी ग्रंथालयात मुलीला घेऊन बसावंसं वाटलं, तर सोमवारी घरांच्या एजंटला फोन करा.