नेमबाजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी २५ मीटर पिस्तूल प्रकारात पॉइंट टू-टूवर (०.२२ इंच कॅलिबरच्या पिस्तुलावर) सराव करते. प्रत्येक सरावानंतर नळी ब्रश आणि सॉल्व्हंटने लख्ख करते, तरीही दुसऱ्या दिवशी पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात. पावसाळ्यापासून काडतूस अडकण्याचे आणि मिसफायरचे (ट्रिगर दाबूनही गोळी न सुटण्याचे) प्रमाणही वाढले आहे. नळी झिजली असेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नळी झिजली असण्याची शक्यता फार कमी आहे. या काडतुसाची सुमारे २.६ ग्रॅमची गोळी मऊ शिशाची असते आणि तिचा वेगही बेताचाच असतो, त्यामुळे हजारो फैरींनंतरही नळी सहसा शाबूत राहते. आपण नको तिथे जास्त आणि हवी तिथे कमी सफाई करत आहात, असे मला वाटते.

या गोळीवर बाहेरून मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ लेप असतो. काही गोळ्या झाडल्यावर तो नळीत सारखा पसरतो आणि मगच ग्रुप (लक्ष्यावरील गोळ्यांच्या खुणांचा पुंजका) स्थिर होतो. आपण रोज तो लेप पुसून काढता, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गोळ्या कोरड्या नळीतून जातात. एरवी याने फारसे बिघडले नसते. पण आपल्या प्रकारात प्रत्येक टप्प्याआधी सरावाच्या जेमतेम पाच गोळ्या मिळतात, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत आपल्याच कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे सुवर्णपदक शूट-ऑफवर (बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा फैरींवर) ठरले, हे लक्षात घेतले तर एकेका गोळीचे मोल कळते. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी नळीला हात लावू नये. एरवीही ग्रुप खरोखरच पसरू लागला, तरच नळी साफ करावी आणि तीही चेंबरच्या (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाच्या) बाजूने दोरीला कापड बांधून ओढून. तोंडाकडून घातलेल्या सळईने नळीच्या तोंडाची कड घासली गेली, तर जो दोष येतो तो कोणत्याही सॉल्व्हंटने जात नाही. तांब्याचा थर काढणारे रसायन तर साध्या शिशाच्या गोळीसाठी निरुपयोगीच आहे.

अडकण्याचे मूळ मात्र चेंबरमध्ये शोधावे. आपल्या पिस्तुलात बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाला) कुलूप नसते. गोळी सुटताच रिकामी पुंगळी मागे ढकलली जाते आणि तिच्यासोबत काजळी, मेण व शिशाचे कण मागे येतात. त्यांचा चिकट थर चेंबरमध्ये, बोल्टच्या तोंडावर आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाखाली बसतो. पावसाळ्यात गंजाच्या धास्तीने आपण जास्त तेल लावत असाल, तर तो अधिकच घट्ट होतो. मग काडतूस पूर्ण आत बसत नाही, फायरिंग पिनचा (काडतुसाच्या कडेवर आदळणाऱ्या खिळीचा) निम्मा जोर त्याला पुढे ढकलण्यातच खर्च होतो आणि कडेतील ठिणगी देणारे मिश्रण (प्रायमर) पेटत नाही. आपले मिसफायर बहुधा याच जातीचे आहेत. प्रत्येक सरावानंतर चेंबरमध्ये पितळी ब्रश फिरवून, बोल्टचे तोंड आणि मॅगझिनचे ओठ कापडाने पुसून कोरडे ठेवावेत. तेलाचा एखादा थेंब फक्त सरकत्या भागांना पुरे. मिसफायर झाल्यास पिस्तूल लक्ष्याच्याच दिशेने धरून किमान ३० सेकंद थांबावे, कारण काडतूस उशिरानेही पेटू शकते.

एवढे करूनही ग्रुप पसरलेलाच राहिला, तर आधी साइटचे (नेम धरण्याच्या खुणेचे) स्क्रू तपासावेत आणि मग पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप घ्यावेत. अचूकतेच्या (प्रिसिजन) टप्प्याच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते. मानवलेल्या काडतुसांवर चांगल्या पिस्तुलाचा ग्रुप त्याच्या निम्म्या जागेत मावतो. तसा तो मावला, तर दोष पिस्तुलाचा नाही, आणि ते प्रशिक्षकांशी बोलण्याचे काम आहे.

प्रश्न : काडतुसांची कंपनी बदलल्यावर ग्रुप सरकला. असे का होते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : प्रत्येक कंपनीचे वंगण निराळे असते, त्यामुळे नव्या वंगणाने नळी माखेपर्यंत काही गोळ्या खर्ची पडतात, त्याआधी साइट फिरवू नये. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही (एका वेळी बनलेल्या खेपांमध्येही) फरक पडतो. पटलेला लॉट मिळाला, की परवान्याच्या मर्यादेत हंगामापुरता एकदम घ्यावा.

प्रश्न : घरी रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबून सराव केल्यास नुकसान होते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होऊ शकते. चेंबर रिकामे असताना अनेक रिमफायर (काडतुसाच्या कडेवर आघात करून ते पेटवणाऱ्या) पिस्तुलांत पिन चेंबरच्या कडेवर आदळते, तिथे खाच पडते आणि पुढे पुंगळ्या निघेनाशा होतात. बऱ्याच स्पर्धेच्या पिस्तुलांत कोऱ्या सरावाची वेगळी सोय असते. ती आपल्या पुस्तिकेत पाहावी आणि नसल्यास प्लास्टिकचे नकली काडतूस वापरावे.