मुंबईच्या थंडीत नाताळची लोकरी सजावट विणणं आणि लोककथांवरच्या कादंबऱ्या वाचणं जमतं का? लोकर कुठली घ्यावी, पुस्तकं कुठली?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘घरचे हसतात, मुंबईत कुठली आलीय थंडी.’ मी उत्तर लिहायला बसले ते या वाक्यासाठी. लोकरीचं आणि सुयांचं काय, कोणीही सांगेल.

२२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश तापमान नोंदलं गेलंय. ते एकदाच, कबूल. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सोळा-सतरावर उतरला की बोरिवली स्टेशनात कानटोप्या दिसायला लागतातच. मुंबईकराला तेवढी थंडी पुरते. आणि तुम्ही स्वेटर थोडाच विणताय? बोटभर टोपी आणि तळहाताएवढी चांदणी विणायला हवामान खात्याची परवानगी लागत नाही.

हे मी आमच्या वन्संना कित्येक वर्षं सांगतेय. वन्सं नागपूरच्या, म्हणजे थंडीवर हक्क त्यांचा. शिवाय आयुष्यभर मराठी शिकवलेल्या, म्हणजे पुस्तकांवरही त्यांचाच. एका डिसेंबरात डोळ्यांच्या तपासणीसाठी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. माझं नेहमीचं चाललेलं. आमच्या मजल्यावर एक ईस्ट इंडियन, म्हणजे मूळचं इथलंच ख्रिस्ती कुटुंब आहे, घरात मराठीच बोलतात. त्यांच्या झाडासाठी मी दरवर्षी घंटा, चांदण्या, टोप्या करून देते आणि त्यांच्याकडून डबाभर फुगे येतात. रबराचे नव्हेत, खायचे, तळलेले. वन्संनी खिडकीच्या ग्रिलला वाळत घातलेल्या चांदण्या पाहिल्या आणि विचारलं, “आपल्याकडे नाताळ कधीपासून?” मग उशाशी ठेवलेली कादंबरी उचलली. रशियन लोककथांवर बेतलेली, बाबा यागा असलेली. “या वयात चेटकिणीच्या गोष्टी?”

मला वेळेवर उत्तर सुचत नाही. गप्प बसले.

दोन दिवसांनी गुरुवार आला, मार्गशीर्षातला. वन्संनी घट मांडला आणि महालक्ष्मीची पोथी मोठ्याने वाचायला घेतली. मी समोर बसून घंटा विणत ऐकत होते. तेवढ्यात शेजारीण डबा घेऊन आली, तीही टेकली. कथा तुम्हाला माहीत असेलच. भद्रश्रवा राजा, सुरतचंद्रिका राणी, शामबाला मुलगी. देवी म्हातारीच्या रूपात दारात येते, राणी तिला हाकलते, राज्य जातं. पुढे शामबाला बापाला हंडाभर धन देते, ते घरी पोचेपर्यंत कोळसे झालेले. शेवटी शामबाला माहेराहून फक्त मीठ घेऊन येते, नवऱ्याला अळणी जेवण वाढते आणि मग मीठ वाढून सांगते, हेच राज्याचं सार. शेजारीण अगदी रंगून गेली होती. कोळशांचं पुढे काय झालं, असंही तिने विचारलं. वन्संकडे त्याचं उत्तर नव्हतं.

मग मी विचारलं, वन्सं, ही दारातली म्हातारी आणि माझी चेटकीण, फरक काय? बाबा यागाही कोंबडीच्या पायांवरच्या झोपडीत बसून माणसं पारखते. नीट बोलणारी, नेमून दिलेलं काम करणारी मुलगी सुखरूप घरी जाते, उर्मट असेल तिचं काही खरं नाही. मिठाची गोष्ट तर अर्ध्या युरोपात सांगतात. बापावर मिठाइतकं प्रेम आहे म्हणणाऱ्या मुलीला बाप घराबाहेर काढतो आणि पुढे कधीतरी अळणी जेवण पुढ्यात आल्यावर त्याचे डोळे उघडतात. वन्सं म्हणाल्या, “पोथी ती पोथी. तिची गोष्ट करू नकोस.” आणि प्रसाद वाटायला उठल्या. हा वाद अजून मिटलेला नाही. डिसेंबर आला की फोनवर तिथूनच पुढे चालू होतो.

तर तुमच्या ‘जमतं का’चं उत्तर: जमतं, पण कोणीतरी वाचणारं हवं. हात गुंतलेले आणि कान मोकळे, अशाच वेळी आपल्या बायकांनी जात्यावर ओव्या रचल्या. मुंबईत वाचून दाखवायला कोणाला सवड नसते, तेव्हा कानात ऑडिओबुक लावा. पुस्तक मांडीवर उघडं ठेवून विणणं फक्त सुलट टाक्यांवर जमतं, तेही हात बसल्यावर. क्रोशाचे खांब, म्हणजे उंच टाके, मोजताना तर विसराच.

पुस्तकांची यादी मी देणार नाही. मूळ गोष्टी आधी वाचा, कादंबरी नंतर. नाहीतर लेखकाने काय उचललं आणि काय बदललं हे कळतच नाही. रशियन लोककथांची मराठी भाषांतरं मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांनी काढली होती, जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात अजून सापडतात. आपल्याकडचं हवं तर दुर्गा भागवत वाचा, सरोजिनी बाबरांच्या लोकसाहित्य समितीचे खंड काढा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा, संस्था १८९८ पासून आहे. हल्लीच्या ज्या कादंबऱ्यांत प्रत्येक चेटकीण शेवटी बिचारी, गैरसमजाची बळी निघते, त्या मला कंटाळवाण्या वाटतात. चेटकिणीची भीती वाटायला हवी. सुरतचंद्रिकेचं राज्य गेलं नसतं तर ती कथा गुरुवारी कोणी वाचली असती?

आता लोकर. साधी फोर प्लाय, म्हणजे चार पदरी, अ‍ॅक्रिलिक घ्या. शुद्ध लोकरीला इथल्या दमटात कसर लागते आणि झाडावर टांगायच्या टोपीला ती हवी कशाला? सुया दहा नंबरच्या, म्हणजे ३.२५ मिलिमीटर. अमेरिकन नमुना बघून विणत असाल तर मिलिमीटरच पाहा, त्यांचे नंबर उलटे चालतात. पहिल्यांदा टोपी करा. तीस टाके घाला, चार बोटं उंचीपर्यंत सगळ्या ओळी सुलट विणा, सुईवरचे टाके दोऱ्यात ओवून आवळा, बाजू शिवा, कड दुमडा. झाली. कापूस भरायच्या वस्तूंना सुया आणखी बारीक घ्या, नाहीतर टाक्यांतून कापूस डोकावतो. क्रोशाची चांदणी ताठ व्हायला परदेशी बायका साखरेच्या पाण्यात बुडवायला सांगतात. मुंबईत असं केलंत तर मुंग्यांसाठी केलंत. साबुदाण्याची खळ किंवा पाणी घातलेला पांढरा गोंद वापरा आणि थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून वाळवा.

लोकलमध्ये विणणार असाल तर लांब सरळ सुया नकोत, शेजारणीच्या बरगडीत जातात. केबलवाल्या गोल सुया किंवा क्रोशाची सुई बरी. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, घरात रांगतं मूल असेल तर मणी आणि घुंगरं लावू नका.

घरचे हसतात त्याचं काय करायचं, ते मला विचारू नका. माझ्या घरचे अजून हसतात. फक्त ‘मग विक तरी’ म्हणाले तर ऐकू नका. एका चांदणीला अख्खी संध्याकाळ जाते आणि गिऱ्हाईक तुम्हाला वांद्र्याच्या हिल रोडच्या फुटपाथवरच्या प्लास्टिकच्या चांदणीचा भाव ऐकवतं.