भारतात दर महिन्याला किती जणांच्या नोकऱ्या जातात, हे कसे कळेल?

आपण विचारले आहे की, भारतात दर महिन्याला किती लोकांना नोकरीवरून कमी केले जाते याचा खात्रीचा आकडा कोठे मिळेल, आणि वर्तमानपत्रांत येणाऱ्या कपातीच्या बातम्यांची बेरीज करून तो काढता येईल का. असा आकडा कोणीही प्रसिद्ध करत नाही, आणि बातम्यांच्या बेरजेतून तो निघत नाही. मी बरीच वर्षे भोसरी आणि चाकण परिसरातील लहान-मध्यम कारखान्यांची भविष्य निर्वाह निधीची आणि कामगार विम्याची विवरणपत्रे भरण्याचे काम करतो, त्यामुळे नोकरी गेलेला माणूस सरकारी नोंदीत कसा उतरतो, आणि पुष्कळदा कसा उतरतच नाही, हे रोजच्या कामात दिसते. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्याकडे किती गेले हे थेट मोजले जात नाही. किती उरले आणि ते आता कोणते काम करतात, यावरून गेलेल्यांचा अंदाज बांधावा लागतो.

अडचणीची सुरुवात कायद्यापासून होते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५-एफ प्रमाणे, सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला कमी करायचे असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन आणि शासनाला सूचना देणे बंधनकारक होते. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखाने, खाणी आणि मळ्यांना तर शासनाची पूर्वपरवानगी लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि पूर्वपरवानगीची ही मर्यादा तीनशे कामगारांवर गेली. कागदावर पाहिले तर प्रत्येक कपातीची सूचना शासनाकडे जमा व्हायला हवी, आणि कामगार ब्यूरो औद्योगिक विवाद, कारखानेबंदी आणि कामगार कपात यांची आकडेवारी प्रसिद्धही करतो. परंतु ती राज्यांनी स्वेच्छेने पाठवलेल्या माहितीवर उभी असते, खूप उशिरा येते, आणि कायद्याच्या व्याख्येत जो ‘कामगार’ बसत नाही, म्हणजे व्यवस्थापक, अधिकारी आणि ठरावीक पगाराच्या वरचे पर्यवेक्षक, त्यांचा तिच्याशी संबंधच नसतो.

त्याहून मोठी गळती राजीनाम्याच्या कागदावर होते. मालकाला नोटीस, भरपाई आणि सूचना हे सगळे टाळायचे असते, म्हणून माणसाला केबिनमध्ये बोलावून सांगितले जाते की स्वतःहून राजीनामा दिलास तर दोन-तीन महिन्यांचा पगार आणि चांगले अनुभवपत्र मिळेल, नाहीतर कामाचा दर्जा खराब असा शेरा मारून काढावे लागेल. घराचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस सही करतो. त्या सहीबरोबर कपात नाहीशी होते आणि नोंदीत फक्त स्वेच्छेने सोडलेली नोकरी उरते. भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर सदस्याची बाहेर पडण्याची तारीख टाकताना कारणही निवडावे लागते. तेथे निवृत्ती, मृत्यू, कायमचे अपंगत्व यांसाठी वेगवेगळे पर्याय आहेत, पण काढून टाकलेला आणि चांगली संधी मिळाली म्हणून गेलेला, हे दोघेही सेवा संपुष्टात आली या एकाच पर्यायाखाली जातात. देशातील कोट्यवधी पगारदारांची सर्वांत मोठी नोंदवही या एका प्रश्नावर मुकी आहे, याचे मला आजही वाईट वाटते, कारण तेथे एक पर्याय वाढवणे ही काही अवघड गोष्ट नाही.

मोठ्या कंपन्यांच्या बातम्यांचे काय होते, हे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या उदाहरणावरून पाहता येईल. जुलै २०२५ मध्ये कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे साधारण बारा हजार कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीअखेर कंपनीने जाहीर केलेली एकूण कर्मचारीसंख्या मात्र ६ लाख १३ हजारांवरून ५ लाख ९३ हजारांवर आली होती. या वीस हजारांच्या घटीत किती जण काढले गेले, किती जण आपणहून गेले आणि त्यांच्या जागा भरल्या नाहीत, हे बाहेरच्या माणसाला त्या आकड्यावरून ठरवता येत नाही, आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना व कंपनी यांच्यात वाद झाला तोही नेमका याच मुद्द्यावर. म्हणून मी घोषणेपेक्षा तिमाहीच्या कर्मचारीसंख्येकडे पाहतो. घोषणा हा हेतू असतो. तो कधी पूर्ण होतो, कधी ओलांडला जातो, कधी अर्धाच राहतो. शिवाय बातमी नावाजलेल्या कंपनीचीच होते. चाकणच्या एखाद्या पुरवठादाराने चाळीस माणसे कमी केली तर ती कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाहीत, आणि अशा चाळीस-चाळीसच्या कपाती किती, हे कोणीच मोजत नाही. तंत्रज्ञान कंपन्यांमधील कपातीची नोंद ठेवणाऱ्या ‘लेऑफ्स डॉट एफवायआय’ या संकेतस्थळाने २०२३ मध्ये जगभरातील अडीच लाखांहून अधिक नोकऱ्या मोजल्या. ते काम उपयुक्त आहे, पण तो एका क्षेत्रातील, बातमीपर्यंत पोहोचलेल्या कपातीचा आकडा आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

आता भविष्य निर्वाह निधीच्या मासिक आकडेवारीविषयी, कारण सर्वाधिक चर्चा तिचीच होते. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ही योजना लागू असते आणि २०१८ पासून ती चालवणारी कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना दर महिन्याला नवे सदस्य, बाहेर पडलेले आणि पुन्हा जोडले गेलेले यांची संख्या प्रसिद्ध करते. २०२३-२४ या वर्षात निव्वळ भर सुमारे १ कोटी ३१ लाखांची होती. हा आकडा नव्या नोकऱ्यांचा म्हणून सांगितला जातो तेव्हा थोडे थांबावे. एखाद्या कारखान्यात अठरा माणसे होती आणि आणखी दोन घेतली, की वीसही जण नवे सदस्य म्हणून नोंदले जातात, जरी त्यातील अठरा जण दहा वर्षे तेथेच काम करत असले तरी. बाहेर पडणाऱ्यांच्या संख्येत याच्या उलट त्रुटी आहे. ती संख्या मालकाने टाकलेल्या बाहेर पडण्याच्या तारखांवर आणि सदस्यांनी पैसे काढण्यासाठी केलेल्या दाव्यांवर अवलंबून असते. जो कारखाना बंद पडतो, त्याचा मालक बहुधा तारखा टाकायला बसत नाही. शेवटचे चलन भरले जाते आणि पुढे शांतता. सदस्याला स्वतः तारीख टाकण्याची सोय २०२० च्या सुरुवातीपासून आहे, पण ती पुष्कळांना ठाऊक नसते. त्यामुळे ज्या महिन्यात सर्वाधिक माणसे कामावरून जातात, त्या महिन्याच्या पहिल्या प्रसिद्धीत बाहेर पडलेल्यांची संख्या कमी दिसते आणि पुढे अनेक महिने दुरुस्त होत राहते. पहिल्या आकड्यावर मत बनवू नये, सहा महिन्यांनी तोच महिना पुन्हा पाहावा.

विवरणपत्रात एक रकाना असतो, ज्या दिवसांचा पगार नाही त्या दिवसांचा. आम्ही त्याला ‘एनसीपी डेज’ म्हणतो. मंदी येते तेव्हा माणसे लगेच काढली जात नाहीत, आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग आठवड्याचे दोन दिवस काम नसते, आणि या रकान्यातील शून्याच्या जागी सहा, आठ, बारा असे आकडे येऊ लागतात. २०१९ मध्ये वाहन उद्योग घसरला तेव्हा हीच चाहूल सर्वांत आधी लागली होती. वाहन विक्रेत्यांच्या महासंघाने तीन महिन्यांत विक्री दालनांतील सुमारे दोन लाख नोकऱ्या गेल्याचे सांगितले, ते त्यानंतर. या रकान्याची देशभराची बेरीज भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे दर महिन्याला तयार असणार. ती प्रसिद्ध झाली, तर नोकऱ्या जाण्याआधीच इशारा मिळेल.

कंत्राटी कामगार या सगळ्याच्या बाहेर राहतात. वार्षिक औद्योगिक सर्वेक्षणानुसार संघटित कारखान्यांतील कामगारांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक आता कंत्राटदारामार्फत येतात. काम कमी झाले की मुख्य कंपनी कंत्राटदाराला फोन करते आणि सोमवारपासून तीस माणसे कमी पाठवा असे सांगते. कंपनीच्या दृष्टीने तिने एकही माणूस काढलेला नसतो, आणि कंत्राटदाराच्या दृष्टीने माणसे त्याच्या यादीत असतात, फक्त त्यांना पाठवायला जागा नसते. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेली मुले भविष्य निर्वाह निधीत मोजलीच जात नाहीत.

मग बेरोजगारीचा दर तरी खरे सांगतो का? केंद्र सरकारचे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण २०१७ पासून घेतले जाते आणि २०२५ पासून त्याचे मासिक निष्कर्षही मिळू लागले आहेत. एप्रिल २०२५ चा दर ५.१ टक्के होता. चालू आठवड्याच्या पद्धतीत, मागील सात दिवसांत एक तासभरही काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो. ज्याची नोकरी गेली तो गावी जाऊन भावाच्या शेतात राबू लागला, किंवा मेव्हण्याच्या दुकानात बिनपगारी बसू लागला, तर तो बेरोजगार नाही. आपल्याकडे बेकारी भत्ता नाममात्र असल्यामुळे रिकामे बसणे फार थोड्यांना परवडते, म्हणून नोकरी जाण्याचा परिणाम बेरोजगारीच्या दरात कमी आणि कामाच्या प्रकारात जास्त उमटतो. २०१७-१८ मध्ये काम करणाऱ्यांपैकी सुमारे ५२ टक्के लोक स्वयंरोजगारात होते, ते २०२३-२४ मध्ये ५८ टक्क्यांवर गेले. शेतीतील वाटा याच काळात ४४ वरून ४६ टक्क्यांवर गेला. एखादा देश औद्योगिक होत असताना शेतीतील वाटा वाढणे हे उलट्या दिशेचे चिन्ह आहे, आणि त्याच वर्षांत बेरोजगारीचा वार्षिक दर ६.१ वरून ३.२ टक्क्यांवर उतरला होता. माझ्या मते हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय भारतातील रोजगारावर कोणी बोलू नये. करोनाच्या टाळेबंदीच्या काळात मुंबईच्या सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी या खासगी संस्थेने घरोघरच्या सर्वेक्षणावरून एप्रिल २०२० मध्ये सुमारे १२ कोटी २० लाख लोकांचे काम गेल्याचा अंदाज दिला, आणि त्यातील बहुसंख्य छोटे विक्रेते व रोजंदारीवरचे मजूर होते. कोणत्याही कंपनीच्या कपातीच्या यादीत त्यांतील एकही नाव येणे शक्य नव्हते.

अमेरिकेत चित्र वेगळे दिसते, कारण तेथे नोकरी गेलेल्या माणसाला अर्ज करण्याचे कारण असते. बेकारी विम्यासाठी पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांची संख्या दर आठवड्याला प्रसिद्ध होते. करोनापूर्वी ती दोन लाखांच्या आसपास होती आणि मार्च २०२० च्या अखेरीस एका आठवड्यात साठ लाखांच्या वर गेली. १९८८ च्या कायद्याने शंभर किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या मालकाला मोठ्या कपातीआधी साठ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, आणि अनेक राज्ये त्या सूचना सर्वांसाठी खुल्या ठेवतात.

आपल्या मुंबईत मोजणी न होण्याची किंमत एका पिढीने भोगली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, त्यामुळे नोकरी गेली ती कोणत्या तारखेला, हे हजारोंच्या बाबतीत ठरवताच आले नाही. तीन दशकांनंतर घरांसाठी म्हाडाकडे अर्ज मागवले गेले, तेव्हा १ जानेवारी १९८२ नंतर मस्टरवर नाव असल्याचा पुरावा द्या असे सांगितले गेले, आणि कामगार किंवा त्यांचे वारस मिळून सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. जुने तिकीट, पगाराची चिठ्ठी, विम्याचे कार्ड यांच्या शोधात म्हाताऱ्या माणसांना वणवण करावी लागली, ती त्या वेळी कोणी यादी केली नव्हती म्हणून.

आपल्याला एखाद्या क्षेत्राचा अंदाज घ्यायचा असेल, तर मी असे सुचवेन: बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या नियमाप्रमाणे शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, त्यात कायम आणि कायम नसलेले कर्मचारी व कामगार वेगवेगळे दिलेले असतात, सोडून जाणाऱ्यांचे प्रमाणही असते. सलग तीन वर्षांचे अहवाल समोर घ्या आणि कायम नसलेल्यांचा स्तंभ आधी वाचा. त्याच्या जोडीला भविष्य निर्वाह निधीचे त्या उद्योगाचे आकडे, सुधारित आवृत्तीतून, आणि श्रमबल सर्वेक्षणातील नियमित पगारदारांचा वाटा घ्या. तिन्ही एकाच दिशेने खाली जात असतील, तर नोकऱ्या जात आहेत, मग कोणी घोषणा केलेली असो वा नसो.

नव्या संहितेत एक तरतूद आहे जिच्याकडे फार कमी जणांनी लक्ष दिले आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचे आहे आणि ते पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचे आहे. पैसा हलतो तेथे नोंद राहते. राजीनामे लिहून घेतलेले लोक यातही सुटतील, पण राज्यांनी या निधीतील जमा दर महिन्याला जिल्हा आणि उद्योगवार प्रसिद्ध केली, तर आपण विचारलेल्या प्रश्नाला निदान काही प्रमाणात थेट उत्तर मिळू लागेल. माहिती अधिकाराचा अर्ज करून ही माहिती कामगार आयुक्तालयाकडे मागता येते, आणि आपल्यासारख्या चिकाटीने विचारणाऱ्या माणसांनी ती जरूर मागावी.