पट ६३, आधार इनव्हॅलिड ४: आधी एवढं मिटवा, २५ हजारांचं नंतर बघू

भाऊ, तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणून विचारलंय की गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवी ६३ लेकरं असून वर्षाला २५ हजार येतात, म्हणजे डोक्यामागं चारशेसुद्धा नाही, आणि तिकडं तालुक्याच्या इंग्लिश शाळेला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) एकेका लेकरामागं १७,६७० अन् शेजारगावच्या संस्थेच्या शाळेला तर सगळ्या मास्तरांचे पगार, मग आपल्याच लेकरांनी काय घोडं मारलंय. प्रश्न रास्त आहे. पण पोस्टीच्या शेवटी जाता जाता तुम्ही जे लिहिलंय ना, की चार लेकरांचं आधार इनव्हॅलिड, म्हणजे शाळेच्या नोंदीशी जुळत नाही असं दाखवायलंय, कागद ऑफिसला दिलेत, ते दिवाळीनंतर करू म्हणले, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. खाली एवढे प्रतिसाद आलेत, त्या ओळीकडं कुणाचंच ध्यान नाही.

मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका शाळेवर शिक्षिका आहे, मुख्याध्यापकाचा चार्ज पण माझ्याकडंच. अधिकारी नाही, वकील नाही. शासनाचे आदेश दर वर्षाला बदलतात, त्यामुळं मी लिहिते ते तुमच्या केंद्रप्रमुखांकडून एकदा तपासून घ्या. तुमचे २५ हजार येतात ते समग्र शिक्षा योजनेतून, आणि यू-डायस म्हणजे शाळेची अन् लेकरांची सरकारी ऑनलाइन नोंद, हे तुम्हाला माहीत असणार, त्यात जास्त शिरत नाही.

आधी १७,६७० चं. तो आकडा ऐकून सगळ्यांचं डोकं फिरतं, माझंही फिरायचं. आरटीई कायद्याच्या कलम १२ मध्ये असं आहे की खासगी शाळेत गरिबांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागेवरच्या लेकरासाठी सरकार स्वतःच्या शाळेत लेकरामागं जेवढा खर्च करतं तेवढा, नाहीतर त्या शाळेची खरी फी, यात जे कमी असंल ते द्यायचं. म्हणजे शाळेची फी १२ हजार असली तर १२ हजारच मिळणार. आणि तेही वेळेवर मिळत नाहीत, संस्थाचालक थकबाकीसाठी वर्षानुवर्षं बोंबलायलेत. २०२४ मध्ये सरकारनं नियम काढला होता की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट, तो मुंबई हायकोर्टानं त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. असो, तो वेगळा विषय.

आता तुमच्या शाळेचा हिशोब मांडा. नव्या पूर्णवेळ प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२००. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं धरलं तर वर्षाला पाच लाखांच्या पुढं जातं, जुना शिक्षक असला तर कितीतरी जास्त. ६३ पटावर तीन शिक्षक म्हणजे कमीत कमी पंधरा लाख. भागा ६३ नं. लेकरामागं २३ हजारांच्या वर आलं का नाही? वरून आहाराचे मे २०२५ पासूनच्या दरानं पहिली ते पाचवीला दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि १०० ग्रॅम तांदूळ, गणवेशाचे ६००, पुस्तकं वेगळी. म्हणजे तुमच्या लेकरावर सरकार इंग्लिश शाळेतल्या आरटीईच्या लेकरापेक्षा जास्तच खर्च करायलंय, फक्त तो पैसा शाळेच्या खात्यावर दिसत नाही, तो मास्तरच्या रूपात येतो. संस्थेच्या अनुदानित शाळेचं पण तेच, पगार वेतन पथकातून थेट शिक्षकाच्या खात्यात, संस्थेच्या हातात येतं ते वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाचं, पगाराच्या पाच टक्के. अंशतः अनुदानितवाल्यांचे, म्हणजे ज्यांच्या पगाराचा काही टक्केच वाटा सरकार देतं त्यांचे, तर हाल कुत्रं खात नाही, २००९ ला 'कायम विनाअनुदानित' मधला कायम शब्द निघाला आणि अजून कुणी २० टक्क्यावर, कुणी ४० वर, कुणी ६० वर, दर अधिवेशनाला बिचारे आझाद मैदानावर. स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेला आरटीईची जागा सोडली तर सरकारकडून पगाराचा रुपया नाही.

म्हणून म्हणते, खरा पैसा शिक्षकाच्या पदात आहे आणि पद पटावर आहे. पट म्हणजे हजेरीतला नव्हं, ३० सप्टेंबरचा, आणि त्यातही ज्याचं आधार व्हॅलिड झालंय तेवढाच. आरटीईच्या परिशिष्टात प्राथमिकला ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० तीन, ९१ ते १२० चार. तुमचे ६३ मधून ४ गेले की किती राहिले?

५९.

आलं का ध्यानात? तुम्ही २५ हजारांसाठी भांडायलात आणि पाच-सहा लाखांचा शिक्षक मागच्या दारानं निघून चाललाय.

आमचं हेच झालं. २०२२-२३ च्या संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्याला, आधार व्हॅलिडचा नियम आला तेव्हा आमचा पट ६४ होता, व्हॅलिड ५८. सहा लेकरं अडकली होती आणि सहाही ऊसतोडीच्या घरची. आमच्याकडं आधार काढलेलं असतं कुठंतरी कारखान्याच्या तळावर, कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात, तिथल्या माणसानं ऐकलं तसं नाव टाकलेलं आणि जन्मतारीख माहीत नाही म्हणून सरळ ०१/०१. शाळेच्या जनरल रजिस्टरला वेगळी तारीख. सरकारी पोर्टलला नाव, जन्मतारीख, लिंग तिन्ही जुळावं लागतं. एक पोरगी होती, तिच्या नावातलं इंग्रजी 'व्ही' आधारवर 'डब्ल्यू' झालं होतं, तेवढ्यावर ती पोरगी सरकारच्या लेखी शाळेतच नव्हती. रोज पहिल्या बाकावर बसायची, खिचडी खायची, आहाराच्या अ‍ॅपला तिची हजेरी जायची. आहाराला ती मोजली जायची अन् शिक्षकाला नाही.

मी ऑगस्टमध्येच जन्मदाखले गोळा करून तालुक्याच्या एका ऑफिसात गेले. कुठलं ते लिहीत नाही, नोकरी करायचीय मला. आधारचं किट तिथं होतं, खास शाळेच्या लेकरांसाठी आलेलं. किट कपाटात, कपाटाला कुलूप, कुलपाची चावी ज्याच्याकडं तो माणूस दुसऱ्या टेबलाला गेलेला आणि ऑपरेटर म्हणे अजून ठरायचाय. टेबलावरच्या साहेबांनी माझा अर्ज घेतला, पेपरवेटखाली ठेवला, आवक क्रमांक मागितला तर म्हणाले, "मॅडम, विश्वास नाही का आमच्यावर, दिवाळी होऊ द्या, सगळी लेकरं एकदमच घेऊ." मी म्हणलं, साहेब, आमची लेकरं दिवाळीनंतर गावात राहत नसतात. दसरा झाला की टोळ्या निघतात, गाड्या भरतात, लेकरं त्याच गाडीत भांड्याकुंड्यावर बसून जातात. ते हसले. म्हणाले, मग आईबाप तोडीला गेल्यावर लेकरांना गावातच ठेवायला हंगामी वसतिगृह कशाला दिलंय. अहो, वसतिगृहाची मंजुरी येईस्तोवर आर्धा हंगाम सरतो हे त्याच ऑफिसला माहीत नाही?

पुढं काय झालं ते सांगायची गरज नाही खरं तर. दिवाळीनंतर किट निघालं, आमच्या शाळेत आलं आणि लेकरं नव्हती. बोटं कुणाची लावायची? मुदत वाढत वाढत गेली, पण कारखान्यावरनं माणसं परत येऊन दाखले, दुरुस्ती, परत व्हॅलिडेशन हे सगळं होईना. तिसरे गुरुजी अतिरिक्त ठरले, समायोजनात, म्हणजे रिकाम्या पदावर, दुसऱ्या तालुक्याला गेले. पाच वर्गाला दोघं राहिलो. एकजण ट्रेनिंगला नाहीतर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला गेलं की पाचही वर्ग एकाच व्हरांड्यात. पालक काय आंधळे नसतात, पुढच्या जूनला इंग्लिश शाळेची पिवळी व्हॅन फाट्यापर्यंत यायला लागली आणि पट अजून खाली गेला. संचमान्यतेच्या २०२४ च्या आदेशानंतर तर गेलेलं पद परत आणायला ६१ पुरत नाहीत, नवीन पदाला जास्त पट लागतो. म्हणून जे आहे ते सांभाळणं सोपं, परत मिळवणं महाकठीण. त्या साहेबांची पुढं बदली झाली म्हणे, सोयीच्या जागी. जाऊ द्या.

नियमच चूक आहे असं मी म्हणत नाही. इतकी कडक मोजणी का आली हे आपल्या मराठवाड्याला सांगायला नको. २०११ ला आधी नांदेडला पटपडताळणी झाली, बोगस लेकरं सापडली, मग ३ ते ५ ऑक्टोबरला सगळ्या राज्यात झाली, लेकरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. कागदावरच्या लेकरांवर तुकड्या आणि पगार खाणारे होतेच. पण त्यांच्या पापाची शिक्षा ऊसतोडीच्या पोरीला 'डब्ल्यू'मुळं का?

तर तुम्ही काय करायचं. ३० सप्टेंबर तोंडावर आहे. मुख्याध्यापकांच्या लॉगिनवरून त्या चार लेकरांची मिसमॅच यादी काढून घ्या, त्यात कुणाचं नाव जुळत नाही, कुणाची तारीख ते बघा. निस्तं 'इनव्हॅलिड' म्हणून कागद देऊन काही होत नाही, कारण दोन्हीला औषध वेगळं. तारीख चुकली असंल तर जन्मनोंदीचा सरकारी जन्मदाखला लागतोच, आणि आधारवर तारीख एकदाच बदलता येते, नाव दोनदा, त्यामुळं घाईत सेतूवाल्याच्या भरवशावर काहीतरी टाकू नका, स्पेलिंग स्वतः उभं राहून वाचा. शाळेच्या रजिस्टरला खाडाखोड करून आधारशी जुळवा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच, अजिबात ऐकू नका, दहावीच्या सर्टिफिकेटपर्यंत ते लेकराला भोवतं. लेकरू पाच वर्षांच्या वर असून बोटांचे ठसे परत दिले नसतील तर ते पण त्याच चकरंत उरकून घ्या.

ऑफिसच्या किटची वाट बघू नका. बँकेत किंवा पोस्टात आधार केंद्र असतं, समितीनं गाडी करून चारही लेकरं आईबापासकट एका दिवसात नेऊन आणा. गाडीभाडं कुठून टाकायचं ते विचारू नका, वर्गणी करा. समितीचा ठराव करा, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं लेखी द्या की ही चार लेकरं रोज शाळेत आहेत, केंद्रप्रमुखांनी प्रत्यक्ष येऊन पाहणी करून अहवाल द्यावा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. शिक्षिकेला नाही म्हणतात, अध्यक्षाला नाही म्हणायला जरा जड जातं, हा माझा अनुभव, तुमच्याकडं उलटं असंल तर माहीत नाही. काहीच हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आमच्या अर्जावर काय कार्यवाही केली एवढंच विचारा. नुसता अर्ज पडला तरी कपाटाच्या चाव्या सापडतात.

आता तुमच्या २५ हजारांवर माझं मत, पटलं तर घ्या. डोक्यामागं पैसे द्या ही मागणी तुम्ही करायलात ती आपल्यासारख्या शाळेच्या मुळावर येईल. ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५, २५० पर्यंत ५० असे टप्पे आहेत. हे टप्पे येडेच आहेत, १०० वाल्याला २५ आणि १०१ वाल्याला ५० हे कुठलं गणित? पण निव्वळ डोकी मोजली तर तांड्यावरच्या बारा लेकरांच्या शाळेला पाच हजार पण यायचे नाहीत, आणि फुटलेली पत्र्याची पन्हाळ बारा लेकरं आहेत म्हणून कमी गळत नाही. मागायचंच असंल तर प्रत्येक शाळेला ठरावीक रक्कम आणि वर लेकरामागं थोडी असं मागा.

आणि जो २५ हजारांचा लिमिट, म्हणजे खर्चाची मंजूर मर्यादा, येतो तो तरी ३१ मार्चच्या आत खर्चा. खातं झिरो बॅलन्सचं आहे, उरलेला लिमिट परत जातो, पीपीए, म्हणजे पैसे द्यायचा ऑनलाइन निघणारा कागद, काढून बँकेत वेळेत गेला नाही तर मार्च एंडला सर्व्हर बसतोच बसतो. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर दाखवावे लागतात, ते विसरलात तर ऑडिटला मुख्याध्यापक अडकतो.

चारपैकी किती जणांचा तारखेचा घोळ आहे अन् किती जणांचा नावाचा ते इथं खाली टाका, लेकरांची नावं मात्र टाकू नका. तारखेवाल्यांत कुणाचा जन्मदाखलाच नसंल तर तेही सांगा, कारण उशिराच्या जन्मनोंदीला तहसीलला जावं लागतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम उद्याच धरायला पाहिजे.