सायबर सिक्युरिटीचे प्रोफेसर नक्की करतात तरी काय? दिवसभर हॅकिंग? आणि इंडस्ट्री सोडून तिकडे जावं का?

दिवसभर हॅकिंग असतं तर काय हवं होतं! मी गेली १८ वर्षं यात आहे, निम्मा वेळ दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात जातो आणि उरलेला पेपर तपासणं, फंडिंगची प्रपोजलं, मीटिंगा.

रिसर्चमध्ये सगळ्यात अवघड काय तर गप्प बसणं. माझ्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीला एका सॉफ्टवेअर लायब्ररीत (म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडमध्ये) जबरदस्त बग सापडला, पोरगी आनंदाने रात्रभर झोपली नाही आणि सकाळी मी तिला पहिलं काय म्हणालो तर, ‘कुणाला बोलू नकोस’. आधी बनवणाऱ्यांना कळवायचं, पॅच, म्हणजे दुरुस्ती, येईपर्यंत थांबायचं, साधारण ९० दिवस धरतात पण आमचे सात महिने गेले कारण समोरचे मेलला उत्तरच देईनात, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणी तेच छापलं असतं तर सगळं मुसळ केरात.

शिकवणं मात्र मला मनापासून आवडतं. पहिल्या लॅबला १६ बाइटचा बफर (इनपुट ठेवायची जागा) असलेला सी भाषेतला छोटा प्रोग्राम देतो, ३२ बिटचा, प्रोटेक्शन मुद्दाम बंद करून, आणि इनपुट घ्यायला ‘गेट्स’ (gets) फंक्शन, जे इनपुट जागेत मावतंय का ते बघतच नाही. पोरं कॅपिटल ‘ए’ दाबून धरतात, प्रोग्राम कोसळतो, डीबगर (प्रोग्रामच्या आत डोकावायचं टूल) उघडला की रिटर्न अ‍ॅड्रेसच्या, म्हणजे फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं त्या पत्त्याच्या, जागी ४१४१४१४१ दिसतं. ४१ म्हणजे ‘ए’चा हेक्स कोड! म्हणजे प्रोग्रामने पुढे कुठे जायचं ते आता तुमचा कीबोर्ड ठरवतोय. हे डोक्यात शिरलं की वर्ग एकदम चिडीचूप. मग मी सांगतो की १९८८ चा मॉरिस वर्म (नेटवर्कवर आपोआप पसरणारा प्रोग्राम) ज्या वाटांनी पसरला त्यातली एक हीच, फिंगर सर्व्हरमधलं (मशीनवरच्या युजर्सची माहिती देणारी सेवा) गेट्स, आणि तरी सीच्या स्टँडर्डमधून ते फंक्शन हद्दपार व्हायला २०११ उजाडलं. (वर्म सोडणारा रॉबर्ट मॉरिस तेव्हा स्वतःच विद्यार्थी होता, कोर्टात दोषी ठरला आणि पुढे एमआयटीत प्रोफेसर झाला, हे ऐकून मागच्या बाकावरचे हमखास खूश होतात.)

पैसे इंडस्ट्रीतच जास्त, त्यात वादच नाही, आमची पोरं पहिल्याच नोकरीत आमच्या पुढे जातात. तरी यायचंच असेल तर पीएचडी धरून चाला, आणि टूल्सच्या मागे लागण्याआधी सी आणि ऑपरेटिंग सिस्टिम पक्कं करा. वरचा ‘ए’चा प्रयोग आजच करून बघा, फक्त स्वतःच्या मशीनवर, आणि ४१ च्या ऐवजी भलतंच काही दिसलं तर आधी बघा की स्टॅक प्रोटेक्टर (असा बफर ओलांडला की प्रोग्राम थांबवणारं कंपायलरचं संरक्षण) खरंच बंद केलाय ना, दरवर्षी अर्धा वर्ग तिथेच अडकतो.